बारा इंचांची नळी

आमची ही अजून दिसते. झोपेत नाही, जागेपणी. सकाळी मागच्या शेतावरचं धुकं उठायच्या आत मी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो की ती वांग्यांच्या वाफ्यात असते. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वर माझं जुनं जाकीट, पायात रबरी बूट आणि खांद्याला ती आखूड बंदूक. बंदुकीचं तोंड आभाळाकडे. कुणाला मारायचं नाही, नुसता बार काढायचा. बार मला ऐकू येत नाही. पांढऱ्यात पांढरं मिसळतं, ऊन येतं आणि तिथे गवत असतं. वाफे मी दोन वर्षांत मोडले.

मी सातवी पास. लिहायची सवय नाही. हात लेथवर चालतो, कागदावर अडतो. पण ही गोष्ट मला सोडत नाही म्हणून लिहितो. कुठे मागेपुढे झालं तर झालं. हल्ली घडलेलं कुठलं आणि मला वाटलेलं कुठलं, त्यातली शीव पुसट झाली आहे.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं टर्नर होतो. मग अमेरिकेत, ट्रॉयमधल्या एका टूल शॉपला हातात कसब असलेली माणसं हवी होती. त्यांनी कागद केले आणि आम्ही दोघं पन्नाशीला टेकलेले मिशिगनला आलो. लेक मागे राहिली. एकुलती एक, पण लग्न झालेली. ग्रीन कार्डवाल्या आईबापाला लग्न झालेली लेक बोलावता येत नाही, सिटिझन झालं तर येते. या देशाचा एवढा एक कायदा हिला पहिल्या दिवसापासून पाठ होता. बाकीचे कायदे आम्हाला कुणी सांगितले नाहीत आणि आम्ही विचारले नाहीत.

घर घेतलं ते ट्रॉयच्या उत्तरेला, हद्दीबाहेर. तेव्हा तिथे मक्याची शेतं होती. हिने परसात मेथी, वांगी, गवार, झेंडू, सगळं लावलं. आणि सगळं ग्राउंडहॉगने खाल्लं. आपल्या घुशीचा थोरला भाऊ म्हणा. मांजराहून मोठा, दोन पायांवर बसून आपल्याकडे बघत खातो. हिने डबे वाजवले, मिरची टाकली, शिव्या दिल्या. तो बघत बघत खायचा.

शेजारी एक गोरा म्हातारा राहायचा, एकटाच. ही त्याला पोळ्या द्यायची. फ्लोरिडाला मुलीकडे कायमचं जायच्या आदल्या दिवशी तो एक रायफल घेऊन आला. बावीसची, म्हणजे बारीक गोळीची, साधी, एकेक गोळी भरायची. म्हणाला, ही तुझ्या मिसेसला. बार काढला की पळतात. आणि गेला.

हिने ती खांद्याला लावून बघितली. आमची ही पावणेपाच फूट. डावा हात पुढे पुरेना, तोंड जमिनीकडे झुकायला लागलं.

"अहो, ही मला नेते का मी हिला नेते?"

"थांब," म्हटलं, "बेतून देतो."

शिंपी माप घेतो तसं मी हिचं माप घेतलं. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट. ही हसत होती, टेपने गुदगुल्या होतात म्हणाली. दुसऱ्या दिवशी बंदूक कापडात गुंडाळून शॉपमध्ये नेली. जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गवतावर जाऊन बसले. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं आणि त्यात तेलाची धूळ तरंगत होती. मी नळी लेथच्या चकमध्ये धरली आणि बारा इंचांवर कापली. तोंड फेस केलं, म्हणजे सपाट केलं. आतली कड अशी मारली की बोट फिरवलं तर कुठे संपलं ते कळू नये. नेम धरायची माशी पुन्हा बसवली. घरी येऊन लाकडी दस्ताही कमी केला. तो दुपारचा अर्धा तास मला आयुष्यातला एक चांगला अर्धा तास वाटतो. मशीन माझ्यासाठी चाललं होतं, कुणाच्या ऑर्डरसाठी नाही. पुढे कळलं, गुन्हा म्हणतात तो नेमका तोच अर्धा तास.

बंदूक हिच्या हातात अशी बसली की जन्मापासून तिचीच. दोन उन्हाळे आम्ही घरची वांगी खाल्ली.

दसऱ्याला आमच्याकडे मराठी मंडळी जमायची. ट्रॉयचे इंजिनिअर, डॉक्टर, त्यांच्या बायका. खरं तर आमच्याशी त्यांचं काय जुळणार. पण पूजेला खरी हत्यारं फक्त माझ्याकडे. त्यांच्याकडे पेनं. तर पाटावर माझा मायक्रोमीटर, पोलादी मोजपट्टी, हिचा विळा, शिलाई मशीन, गाडीची किल्ली, आणि त्या वर्षी हिने मधोमध रायफल मांडली. झेंडूची माळ घातली. नळीवर हळदकुंकवाची बोटं ओढली. चाळीस माणसांनी पाया पडून मेपलची पानं सोनं म्हणून वाहिली. पाच-सहा जणांनी फोटो काढले. मंडळाच्या अंकात छापू, असं एक बाई म्हणाल्या.

नागपूरचे एक डॉक्टर होते, इथल्या डॉक्टरांबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचे. ते पाटासमोर वाकले ते वाकलेलेच राहिले.

"काकाजी, ही कोणाची जी?"

"हिची."

"काकूंची?" ते हसले. मग नळीवर वीत ठेवली आणि हसायचे थांबले. पाटावरचीच मोजपट्टी उचलून लावली. "बारा."

"बाराच. मी बारा केले की बारा असतात."

"सोळा लागतात ना, काकाजी. सोळाच्या खाली नळी गेली की ती साधी रायफल नाही राहत. सरकारच्या लेखी मशीनगनच्या पंगतीत जाऊन बसते."

"हिची गोळी अंगठ्याच्या नखाएवढी आहे."

"गोळी कोण विचारते? लांबी विचारतात. काहून कापली तुम्ही?"

"हिचा हात पुरत नव्हता."

डॉक्टरांनी टेबलावरची चादर ओढून बंदुकीवर घातली. ही स्वयंपाकघरातून आली आणि चादर काढून टाकली. म्हणाली, "पूजा झाकत नसतात, डॉक्टर. श्रीखंड घ्या."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला एका वकिलाकडे घेऊन गेले. चपलांच्या दुकानावर त्याचं ऑफिस. खोली अर्धी अंधारी, खाली बूट घालून बघणाऱ्या लोकांचे पाय वाजत होते. वकील बारीक आवाजात बोलायचा, डॉक्टर मला मराठीत सांगायचे. मला वाटत होतं आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणी बोलतंय.

वकील म्हणाला, आखूड रायफल करायची तर आधी अर्ज. फोटो, दहा बोटांचे ठसे, कर, मग मंजुरीची वाट, आणि मग कापायची.

"मग आता अर्ज करतो," मी म्हटलं.

आता होत नाही. कापल्यावर अर्ज केला तर तोच कबुलीजबाब. शिवाय या राज्यात अर्ज करूनही मिळाली नसती.

"दुसरी लांब नळी बसवतो."

बसवली तर आजपासून ठीक. कालचं राहतंच.

"शेजाऱ्याला परत पाठवतो."

देणं हा वेगळा गुन्हा. राज्याबाहेर पाठवणं आणखी वेगळा.

"गाडीत घालून तुझ्याकडे आणून देतो."

वकिलाने दोन्ही हात वर केले आणि खुर्ची मागे सरकवली.

"याला विचारा," मी डॉक्टरांना म्हटलं, "गिळली तर चालेल का?" ते डॉक्टरांनी त्याला सांगितलं नाही.

शिक्षा दहा वर्षांपर्यंत, म्हणाला. आणि परदेशी माणसाला त्यानंतर हद्दपारी. आमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पाच आठवड्यांवर होता.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीचं काय मग?"

फ्रिजवर हिने शंभर प्रश्न चिकटवले होते. राज्यं किती, झेंड्यावर पट्टे किती, सगळे इंग्रजी जबाब देवनागरीत लिहून पाठ केलेले. तिथेच अर्जाची प्रतही होती. त्यात एक प्रश्न होता : पकडले गेला नाहीत असा काही गुन्हा तुम्ही जाणूनबुजून केला आहे काय? दोघांनी 'नाही' वर खूण केलेली.

"हे आता खोटं झालं का?" ही म्हणाली.

"तू कुठे कापलीस?"

"माझं माप घेऊन कापली ना?"

मी म्हटलं, उद्या शॉपमध्ये नेतो, दहा मिनिटांत तुकडे करतो, भंगारात टाकतो, संपलं. ही म्हणाली, चाळीस जणांनी पाया पडलेली वस्तू भंगारात टाकता? आणि फोटो? फोटोचे तुकडे कोण करणार? वकिलाचंही तेच मत पडलं. तो म्हणाला, मी बंदुकांच्या सरकारी खात्याला फोन करतो, ते येऊन घेऊन जातील. आपण होऊन दिली म्हटल्यावर बहुतेक पुढे ओढत नाहीत. पण तू एक शब्द बोलायचा नाहीस. कुणी कापली, कधी, कशाने, काही नाही. बंदूक अशी घरात होती, नको आहे, घेऊन जा. एवढंच, आणि तेसुद्धा मी बोलेन.

ते यायच्या आधी हिने उत्तरपूजा केली. अक्षता टाकताना 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा ये. ही तिथे अडली. थोडा वेळ हातात अक्षता धरून बसली आणि म्हणाली, "पुन्हा नको गं येऊस. आलीस तशी जा." आणि अक्षता टाकल्या.

त्या दिवशी वर्षातलं पहिलं बर्फ पडत होतं. वाऱ्याविना, सरळ, सावकाश. दोन माणसं आली, बूट दारात झटकले. वकील माझ्याशेजारी कोचावर बसला. हिने चहा आणि चकल्या ठेवल्या. खोलीत सगळं इतकं हळू चाललं होतं की खिडकीबाहेरचं बर्फ आणि आतली माणसं एकाच चालीने हलतायत असं वाटत होतं. त्यातला वयस्क माणूस माझ्याच वयाचा असेल. त्याने चाप तपासला, नंबर लिहून घेतला आणि मग नळीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. अंगठा कडेवरून फिरवला.

तो म्हणाला, आम्ही नेतो त्या सगळ्या करवतीने कापलेल्या असतात, चावल्यासारख्या. हे काम सुंदर आहे. कुणी केलं?

वकिलाचा बूट माझ्या पावलावर आला. मला तो कळला. पण या देशात मी आठ वर्षं काम करत होतो. माझं काम चुकलं की सांगायचे, बरोबर असलं की पुढचा तुकडा द्यायचे. सुंदर कुणी म्हटलं नव्हतं.

"आय डिड," मी म्हटलं. "शॉप लेथ. लंच टाइम."

वकिलाने डोळे मिटले. त्या माणसाचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बाबा रे, हे कशाला बोललास. मग त्याला लिहावंच लागलं आणि त्याने लिहिलं. पावती दिली. चकली कागदात बांधून घेतली.

ते गेल्यावर ही म्हणाली, "कौतुकाला भुललात." पुढे दोन दिवस बोलली नाही.

खटला कुणी भरला नाही. पण फाइल उघडी राहिली. इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बोलावलं. माझ्या खोलीतल्या माणसाने माझ्या जबाबाचा तो कागद समोर ठेवला आणि तुमचं निर्णयाविना थांबवतोय म्हणाला. किती दिवस, ते सांगितलं नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर हिच्या खोलीचं दार. मला पक्कं वाटत होतं की माझ्यामुळे हिचंही गेलं.

आत काय झालं ते हिने गाडीत सांगितलं. त्या बाईने फॉर्मवर बोट ठेवून तो प्रश्न विचारला. हिने रात्रभर घोकलेलं वाक्य म्हटलं : गन वॉज फॉर मी. हजबंड कट. आय डिड पूजा. बाईने विचारलं, पूजा काय? ही म्हणाली, "बर्थडे. टूल्सचा बर्थडे." बाई हसली. तुला कायदा माहीत होता का, विचारलं. नो. मग झेंड्यावर पट्टे किती ते विचारलं, आणि हिला पास केलं.

शपथेला मोठं कोर्ट होतं. दीड-दोनशे माणसं पुढे, त्यांची घरची माणसं मागे. मी मागे. हिने हिरवं नारायणपेठी नेसलं होतं. सगळ्यांचे उजवे हात वर गेले, त्यात हिचा सगळ्यांत खाली. उंच छतावरून आवाज फिरून यायचा, शब्द कळत नव्हते, नुसता गुंजारव. त्या गुंजारवात मला वाटलं की ही नावेत बसून चालली आहे आणि मी काठावर राहिलो आहे. तिने वळून बघितलं. मी हात केला.

गाडीत म्हणाली, "आता मी इथली. तुम्ही परदेशी. माझ्या घरात राहायचं तर नीट राहायचं."

"व्हिसा देतेस का?"

"बघते," म्हणाली. "वागणुकीवर आहे."

त्याच आठवड्यात हिने लेकीसाठी अर्ज टाकला, स्वतःच्या सहीने. रांग वर्षांची होती. हिने वरची खोली लावली. दोन पलंग, फुलाफुलांचे पडदे, नातवाच्या उंचीला हुक. दर शनिवारी तिथली धूळ पुसायची. मी माझ्या फाइलचं विचारायला वकिलाला फोन करायचो, तो अजून उघडीच आहे म्हणायचा.

तिसऱ्या पानगळीत हिच्या पोटात गाठ निघाली. चार महिने. डॉक्टर रोज यायचे, शिकारीला गेले नाहीत त्या साली. शेवटी शेवटी ती मराठीतच बोलायची, नर्सशीसुद्धा. आणि नर्स मान डोलवायच्या. राख मी वांग्यांच्या वाफ्यात टाकली. कुणाला विचारलं नाही. तेही इथे बेकायदेशीर असेल.

मग ही गेल्याचं ऑफिसला कळवलं आणि लेकीच्या अर्जाचं काय ते विचारलं. उत्तर आलं ते डॉक्टरांनी वाचलं. अर्ज करणारी व्यक्ती वारली की अर्जही रद्द होतो. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं. मी त्या दिवशी गप्प बसलो असतो तर तिच्याबरोबर माझीही शपथ झाली असती, आणि लेकीचा दुसरा अर्ज माझ्या नावाने उभा असता. एका माणसाने सुंदर म्हटलं आणि मी लेकीची वाट बंद केली. हे मी तिला फोनवर तसंच सांगितलं. समुद्रातून आवाज यावा तसा फोनमध्ये नुसता घुंई आवाज. मग म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं तुम्ही कसे आहात ते."

या वसंतात वकिलाचा फोन आला. फाइल बंद झाली. आता नव्याने अर्ज करता येईल.

डॉक्टर फॉर्म घेऊन आले. तो प्रश्न तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, "काकाजी, नो लिहा. जाणूनबुजून म्हणते ना ते. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"नळी मी जाणूनच कापली," म्हटलं. "येस वर खूण करा."

'असल्यास खुलासा करा' असं छापलं होतं, आणि खाली दोन ओळींची जागा. डॉक्टरांनी वेगळा कागद जोडून इंग्रजीत लिहिलं. चार ओळींत बसलं सगळं. हिचा हात पुरत नव्हता, हे मी घालायला लावलं. त्यांचं म्हणणं, त्याची गरज नाही. मी म्हटलं, घाला.

काल टपालात टाकला आणि लेकीला फोन केला. आधी माझी शपथ व्हायची, मग तिच्यासाठी अर्ज, मग पुन्हा रांग.

"किती वर्षं लागतील, बाबा?"

"माहीत नाही. पाच. सात."

ती हिशेब करत असावी. मी बहात्तरचा होईन.

"बीपीच्या गोळ्या घेताय ना?" तिने विचारलं.

हिच्यामागे घेत नव्हतो, ते तिला सांगितलं.

"मग घ्या," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर अर्ज जातो."

फोन ठेवला आणि बाटली शोधली. औषधाची तारीख उलटून गेली होती. उद्या नवीन आणायला जातो.